जखमेचा दाखला

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक म्हणून काम करताना माझ्याकडे येणारे बहुतेक अर्ज रोजच्या जगण्याचे असत. पेन्शनच्या पीपीओमध्ये बायकोचं नाव चुकलंय, मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचाय, दवाखान्याचं ईसीएचएस कार्ड हरवलंय, बांधावरून भावकीशी वाद लागलाय आणि तहसीलदारांना पत्र हवंय. पदकासाठी येणारा माणूस विरळा. आला तरी सरळ विषयाला हात घालत नसे. पावसापाण्याचं बोलून घ्यायचा, चहा व्हायचा, टेबलाशी उभे असलेले लोक निघून जाईपर्यंत वाट बघायचा. निवृत्तिवेतनाच्या फरकासाठी आवाज चढवणारा फौजी पदकाचं नाव काढताना अवघडून जातो, हे मी पुष्कळदा पाहिलं.

आबा असेच आले. हवालदार म्हणून पेन्शनवर आलेले, साठी ओलांडलेले, थोडा ऊस आणि थोडी ज्वारी करणारे. उजव्या कानानं ऐकू येत नसल्यामुळे डावा कान माझ्याकडे येईल अशी खुर्ची वळवून बसले. बरंच इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, “सुभेदार साहेब, लढाईत जखमी झालेल्याला एक पदक असतं म्हणं. पांढरी पट्टी, मधी लाल. रेझिंग डेला आमच्या पलटणीतल्या दोघांच्या छातीवर बघितलं. मला न्हाई मिळालं. पण असलं काय मागायचं असतं का, तेच कळंना.”

पदक मिळेल की नाही, हे त्यांनी विचारलंच नाही. मागणं शोभतं का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. फौजेत वाढलेल्या माणसाचा हा संकोच मला समजतो, कारण मीही तिथंच वाढलो. शौर्यपदक कुणी मागत नाही. पलटणीचा कमांडिंग ऑफिसर शिफारस करतो, ती वरच्या मुख्यालयांतून चाळली जाते, साक्षी तपासल्या जातात, आणि शेवटी राष्ट्रपतींच्या नावानं घोषणा होते. ज्यानं पराक्रम केला त्याचा त्या सगळ्या प्रवासात कुठेही अर्ज नसतो, आणि तसंच असायला हवं.

जखमेच्या पदकाचं तसं नाही. १५ ऑगस्ट १९७३ रोजी सुरू झालेल्या या पदकाला इंग्रजीत पूर्वी ‘वूंड मेडल’ म्हणत, आता ते पराक्रम पदक म्हणून ओळखलं जातं. त्याची अट एकच आहे. युद्ध असो की बंडखोरांविरुद्धची मोहीम, जखम शत्रूच्या थेट कारवाईत झालेली असली पाहिजे. जवान त्या क्षणी चढाई करत होता की पाण्याची बाटली भरत होता, हे कुणी विचारत नाही. तो शूर होता का, हेही विचारत नाही. कुणाची शिफारस लागत नाही, कुणाच्या मर्जीवर ते अवलंबून नाही. शौर्यपदकांना मिळतो तसा मासिक भत्ताही त्याच्यामागे नाही. घटना घडली असेल तर पदक देणं लागतं, घडली नसेल तर नाही.

म्हणून मी आबांना म्हटलं, “आबा, तुम्ही बक्षीस मागत नाही. झालेली गोष्ट सरकारच्या दप्तरात झाली म्हणून लिहा, एवढंच मागताय. यात लाजायचं काही नाही.” त्यांनी मान हलवली आणि पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक काढलं.

आबा श्रीलंकेत जखमी झाले होते. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्यात करार झाला आणि भारतीय शांतिसेना समुद्रापार गेली. जाताना जवानांना वाटत होतं की तमिळ बंडखोरांची हत्यारं जमा करून घ्यायची आणि परत यायचं. ऑक्टोबरमध्ये त्यांच्यातल्या एलटीटीईशी लढाई जुंपली आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतेपर्यंत अकराशेहून जास्त भारतीय सैनिक मारले गेले. जखमींचा आकडा तीन हजारांच्या आसपास होता. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामास्वामी परमेश्वरन, जन्मानं मुंबईकर, २५ नोव्हेंबर १९८७ रोजी तिथंच पडले. छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून घेऊन ते लढले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. एवढं एक नाव सोडलं तर आपल्याकडच्या लोकांना त्या मोहिमेतलं फारसं काही आठवत नाही. ना तिथं जिंकलेलं शहर होतं, ना शरणागतीचा फोटो. परत आलेल्या पलटणींचं स्वागतही थंडच झालं.

आबांची पलटण जाफना भागात होती. लाल माती, ताडाची झाडं, अरुंद डांबरी रस्ते. सकाळी रोड ओपनिंगला निघायचं, म्हणजे मागून येणाऱ्या गाड्यांसाठी रस्ता पायी चालत तपासायचा. एका मोरीजवळ सुरुंग उडाला आणि लगेच झाडीतून गोळीबार सुरू झाला. पुढचे दोघं जागीच गेले. आबांच्या मांडीत, दंडात आणि जबड्याखाली छर्रे घुसले, उजव्या कानाचा पडदा फाटला. हेलिकॉप्टरनं पलाली, तिथून विमानानं मद्रास, पुढे पुण्याचं कमांड हॉस्पिटल. काही महिन्यांनी ते खालच्या मेडिकल कॅटेगरीत पलटणीत परतले आणि पेन्शन होईपर्यंत नोकरी केली. विकलांगता वीस टक्क्यांच्या खाली धरली गेल्यामुळे अपंगत्वाचं निवृत्तिवेतन मिळालं नाही. त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. “हातपाय हाईत की साहेब. ज्यांचं गेलं त्यांना मिळावं,” एवढंच ते म्हणाले.

डिस्चार्ज बुकात पदकांच्या रकान्यात विदेश सेवा पदक होतं, सैन्य सेवा पदक होतं, नऊ वर्षांच्या सेवेचं पदक होतं. वैद्यकीय भागात ‘माइन ब्लास्ट इंज्युरी’ असं लिहिलेलं होतं आणि ती सेवेमुळे झाली, असंही. पण ज्या दोन शब्दांवर सगळं ठरतं ते ‘बॅटल कॅज्युअल्टी’ कुठेच नव्हते. सुरुंग कुणी पेरला, कुणावर पेरला, त्यानंतर गोळीबार झाला का, यातलं काहीच त्या कागदाला ठाऊक नव्हतं. कागद वाचणाऱ्याला वाटावं की आपल्याच सुरुंगावर चुकून पाय पडला असेल.

ही नोंद कशी हुकते, हे मला बाहेरच्या माणसापेक्षा जास्त कळतं, कारण फौजेतली माझी सगळी नोकरी क्लार्क म्हणून झाली. जवान जखमी झाला की त्याच्याभोवती कागदांची एक साखळी सुरू होते. पलटणीचा डॉक्टर, म्हणजे आरएमओ, पट्टी बांधतो आणि जखमीच्या अंगावर एक कार्ड अडकवतो. फील्ड हॉस्पिटलच्या दाखल-रजिस्टरमध्ये नाव चढतं. पलटण संदेश पाठवते, तो सेना मुख्यालयाला आणि रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. रेकॉर्ड ऑफिस तेव्हा घरी तार करायचं. नंतर पलटणीचं कार्यालय पार्ट टू ऑर्डर काढतं. जवानाचं लग्न, मुलाचा जन्म, बढती, रजा, दवाखाना, सगळं याच आदेशातून त्याच्या सेवापुस्तकात उतरतं. या आदेशात नाही ते कागदोपत्री घडलंच नाही.

शांततेच्या ठिकाणी ही साखळी सहसा तुटत नाही. श्रीलंकेत मात्र पलटण समुद्रापार आणि तिचं मागचं कार्यालय भारतात, अशी स्थिती होती. संदेश उशिरा पोचत, तुटक पोचत. एकाच दिवशी मृतही असत आणि जखमीही. मृतांचं आधी करावं लागे, आणि ते रास्तच होतं. घरी कळवायचं, सामान पाठवायचं, कुटुंबाचं निवृत्तिवेतन सुरू करायचं. जखमी दवाखान्यात आहे, जिवंत आहे, त्याचं नंतर बघू. त्या ‘नंतर’मध्ये ‘रुग्णालयात दाखल’ एवढीच ओळ निघते आणि लढाईत जखमी झाल्याची वेगळी ओळ निघायची राहते. दोन वर्षांनी पलटण दुसऱ्या ठिकाणी जाते, क्लार्क बदलतो, कंपनी कमांडर बदलतो. आता ती जखम आठवणारा एकच माणूस उरतो, तो जखमी जवान, आणि अशी ओळ असते हेच त्याला माहीत नसतं.

आम्ही रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज केला. आबांच्या सहीनं, कार्यालयाच्या पत्रासह, सोबत डिस्चार्ज बुकाची प्रत. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं. सेवेच्या कागदपत्रांत बॅटल कॅज्युअल्टीची नोंद आढळत नाही, अर्जदाराकडे लेखी पुरावा असल्यास सादर करावा.

अशी पत्रं मी पुष्कळ वाचली आहेत. पत्र लिहिणारा कर्मचारी नियमानंच लिहितो, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्या वाक्यात काय मागितलं आहे, याचा विचार केला की मन खवळतं. ज्या सकाळची नोंद हवी आहे त्या सकाळी हा माणूस रस्त्याकडेला रक्तात पडला होता. त्याला मॉर्फिन दिलं होतं. त्याचा गणवेश कात्रीनं कापून टाकला होता आणि खिशातलं सगळं गणवेशाबरोबर गेलं होतं. पेन, कागद, रजिस्टर, वायरलेस, शिक्का हे सगळं इतरांच्या हातात होतं. इतरांनी लिहायचं राहिलं, आणि तीस-पस्तीस वर्षांनी पुरावा आणायला सांगितलं जातंय ते त्यालाच.

मग आम्ही पुरावा शोधू लागलो. पहिलं काम सोबत्यांचं. पलटणीच्या माजी सैनिकांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, तिथून धागा मिळाला. एक सिंधुदुर्गात होता, आंब्याची कलमं करणारा. दुसरा पुण्यात एका सोसायटीच्या फाटकावर सुरक्षारक्षक. तिसरा होता तो नर्सिंग असिस्टंट, ज्यानं आबांच्या मांडीला पट्टी आवळली होती. फोनवर नाव सांगताच तो म्हणाला, “मोरीवरचा ना? कानातून रक्त येत होतं त्याच्या.” तिघांनीही प्रतिज्ञापत्रं करून दिली. कंपनीचे तेव्हाचे तरुण अधिकारी आता निवृत्त होऊन उत्तरेत राहत होते. त्यांनी स्वतःच्या हातानं दोन पानं लिहून पाठवली आणि मृत झालेल्या दोघांची नावं, घटनेची तारीख, जागा असं सगळं त्यात दिलं. ती पानं मी आबांना वाचून दाखवली तेव्हा, आपली साहेबांना आठवण आहे, या एकाच गोष्टीनं ते किती तरी वेळ हरखून गेले होते.

दुसरं काम घरातलं. अशा प्रकरणात मी घरच्या बाईला एक प्रश्न नेहमी विचारतो. तार आली होती का? पुरुष आपले कागद कुठे ठेवले ते विसरतात, पण तारेचा दिवस बायका विसरत नाहीत. आबांच्या घरी गेलो तेव्हा काकूंना विचारलं. “आली हुती की,” त्या म्हणाल्या. “पोष्टमन बाहेरनंच हाका मारत आला. घरात कुणाला विंग्रजी येत न्हवतं. मास्तरांकडं पळत गेले. मास्तर बोलंचनात. मग म्हणाले, जिवंत हाय, घाबरू नगा.” थोड्या वेळानं त्यांनी पत्र्याची ट्रंक उघडली. मुलांचे जन्माचे दाखले, जमिनीच्या जुन्या पावत्या, आणि त्यांच्यामध्ये घड्यांवर फाटत आलेली ती तार. लढाईत जखमी, तारीख, दवाखान्याचं नाव, एवढाच मजकूर. पाठवणारं कार्यालय तेच, ज्यानं आम्हाला नोंद आढळत नाही म्हणून कळवलं होतं.

त्या कार्यालयानं खोटं लिहिलं नव्हतं, हेही मला इथं सांगायला हवं. त्यांनी आबांची वैयक्तिक फाइल पाहिली होती आणि त्या फाइलीत खरोखरच नोंद नव्हती. पण तार निघाली म्हणजे कुणी तरी, कुठल्या तरी रजिस्टरमध्ये तो संदेश उतरवून घेतला होता. तारेची प्रत जोडून आम्ही पुन्हा लिहिलं. या वेळी अर्जदाराची फाइल बघा असं न म्हणता, या महिन्यातल्या हताहतांची नोंदवही बघा, असं लिहिलं. तिथं आबांचा नंबर, हुद्दा, नाव आणि पुढे तेच दोन शब्द होते. एका छताखाली दोन कपाटं होती आणि इतक्या वर्षांत एका कपाटातली ओळ दुसऱ्यात गेली नव्हती. इकडे शेतकऱ्याच्या घरातल्या बाईनं, जिला ती तार वाचता येत नव्हती, तिनं ती सांभाळून ठेवली होती.

सगळ्यांच्या ट्रंकेत तार सापडत नाही. आता तर तारसेवाही २०१३ साली बंद झाली. माझ्यासमोर अशीही माणसं आली ज्यांच्यासाठी मला काही करता आलं नाही, आणि त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय ही गोष्ट खरी होणार नाही.

एकाचा ट्रक रात्री दिवे न लावता डोंगरी रस्त्यानं दारूगोळा नेताना दरीत गेला होता. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मोहीम चालू होती, दारूगोळा पुढच्या तोफांसाठीच होता, पण शत्रूची गोळी किंवा गोळा त्या अपघाताला कारण नव्हता. त्याला अपंगत्वाचं निवृत्तिवेतन मिळालं, पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवून मिळाला. १९४४ पासून हे केंद्र अशाच जवानांना उभं करत आलं आहे. पदक मात्र त्याला मिळू शकत नव्हतं, आणि ते मला त्याच्या तोंडावर सांगावं लागलं. दुसऱ्याची सियाचिनमध्ये हिमबाधेनं पायाची बोटं गेली होती. तिथल्या थंडीनं शत्रूपेक्षा जास्त माणसं नेली, हे सगळ्यांना माहीत आहे. अशी इजा काही अटींवर बॅटल कॅज्युअल्टी धरली जाऊ शकते, पण या पदकाच्या व्याख्येत बर्फ शत्रू नाही. अमेरिकेतही पर्पल हार्ट या जखमींच्या पदकातून हिमबाधा १९५१ पासून वगळलेली आहे.

या दोघांनी मला विचारलं, आमचं दुखणं कमी आहे का? कमी नाही. तरीही मी व्याख्येच्या बाजूनं उभा राहतो. सगळ्या दुखापतींना एकच पदक दिलं तर ते नेमकं काय सांगतं हेच पुसट होईल. अपघातात पाय गेलेल्याला सरकारनं आधार द्यायला हवा, तो भरपूर द्यायला हवा, पण त्याच्या कागदावर जे घडलं तेच लिहिलं जावं. नोंद खरी हवी, हा आग्रह मी आबांसाठी धरला, तर तो इतरांच्या बाबतीत सोडता येत नाही.

सगळ्यात अवघड प्रकरण तिसऱ्या माणसाचं. त्याच्या खांद्यातून छर्रा आरपार गेला होता. पट्टी बांधून घेऊन तो सेक्शनबरोबरच राहिला, कारण सेक्शनमध्ये माणसं उरली नव्हती. दवाखान्यात गेलाच नाही, म्हणून रजिस्टरमध्ये नाव नाही, कार्ड नाही, तार नाही. सोबत्यांपैकी हयात कुणी सापडलं नाही. जो दवाखान्यात गेला त्याची नोंद झाली आणि जो जखम घेऊन लढत राहिला त्याची झाली नाही. खांद्यावरचा व्रण त्यानं शर्ट काढून मला दाखवला. व्रण पुरावा म्हणून जोडायची सोय कुठल्याही अर्जात नाही.

कारगिलच्या लढाईचे दोन अधिकृत आकडे आहेत. ५२७ मृत आणि १,३६३ जखमी. पहिला आकडा शाळेतल्या मुलांनाही सांगता येतो. द्रासच्या स्मारकावर ती नावं कोरलेली आहेत, दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर आहेत, गावोगावच्या चौकांत आहेत. दुसरा आकडा विचारला तर माजी सैनिकांच्या मेळाव्यातही मोजके हात वर होतात. मृतांचं स्मरण हे आपलं कर्तव्यच आहे, त्यात काडीची उणीव नको. पण जखमींसाठी भिंत नाही, यादी नाही, दिवस नाही. त्यांच्यासाठी सार्वजनिक खूण म्हणून जे काही आहे ते हे एक पदक. म्हणून त्याची नोंद हुकणं मला क्षुल्लक वाटत नाही.

कागद हरवणं ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुइसच्या राष्ट्रीय अभिलेख केंद्राला आग लागली आणि सैनिकांच्या एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फाइली जळाल्या. दोन्ही महायुद्धांतल्या आणि कोरियाच्या युद्धातल्या असंख्य सैनिकांचा लेखी इतिहास एका आगीत गेला. त्यानंतर पगारपत्रकं, पलटणींचे रोजचे अहवाल, रुग्णालयांची कागदपत्रं अशा दुसऱ्या ठिकाणच्या कागदांवरून त्या फाइली पुन्हा जुळवण्याचं काम त्या केंद्रानं अंगावर घेतलं आणि ते आजवर चालू आहे. तिथल्या जखमी सैनिकांनाही पदकासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागतं, पण वैयक्तिक फाइल नाही म्हणजे शोध संपला, असं तिथं मानलं जात नाही. आपल्याकडे आग लागलेली नाही. ठरलेल्या मुदतीनंतर कागद नियमानं नष्ट केले जातात, आणि जे उरतात ते वेगवेगळ्या कपाटांत पडून असतात.

आबांचं पदक रजिस्टर पार्सलनं आलं. कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं. ते घेऊन ते कार्यालयात आले, टेबलावर ठेवलं आणि पहिलंच वाक्य बोलले, “साहेब, त्या दोघांच्या घरी सांगून आलो.” मोरीजवळ गेलेल्या दोघांपैकी एकाचं घर शेजारच्या तालुक्यात होतं, दुसऱ्याचं त्याही पलीकडं. पदक आल्याचं आपल्या गावात सांगायच्या आधी ते त्या दोन्ही घरी जाऊन आले होते. तोवर मला वाटत होतं की आबांना स्वतःच्या जखमेची दखल हवी आहे. त्यांच्याशी बोलल्यावर कळलं की त्या सकाळी त्या दोघांच्या जवळ असून वाचलेला माणूस म्हणून ते इतकी वर्षं अस्वस्थ होते. त्यांच्या कागदावर शत्रूचा उल्लेख नव्हता तर मेलेल्या दोघांबद्दलही लोक काहीबाही बोलू शकले असते, सुरुंग आपलाच होता म्हणून. आता कुणी बोलणार नव्हतं. एका जखमेची खरी नोंद झाली आणि तिच्याबरोबर दोन मरणांची गोष्टही सरळ झाली.

या कामातून माझी काही ठाम मतं झाली आहेत. जवान जखमी झाला त्याच महिन्यात पदकाचा प्रस्ताव पलटणीनं स्वतःहून पाठवला पाहिजे, त्याच्या अर्जाची वाट बघता कामा नये. पेन्शनवर जाताना प्रत्येक जवानाला त्याची जखमेची नोंद त्याच्या भाषेत वाचून दाखवावी आणि मगच त्याची सही घ्यावी. जुन्या अर्जात फक्त वैयक्तिक फाइल न बघता हताहतांच्या नोंदवह्या, रुग्णालयांची रजिस्टरं आणि पलटणीची युद्धदैनंदिनी बघणं कार्यालयावर बंधनकारक असावं. कागद सापडलाच नाही तर सोबत्यांच्या प्रतिज्ञापत्रांना वजन द्यावं, आणि हे लवकर करावं, कारण श्रीलंकेतले सोबती आता साठी-सत्तरीत आहेत आणि एकेक करून जात आहेत. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे, तिथवर जायचा हक्क आहे, पण पदकासाठी म्हाताऱ्या जवानाला वकील करावा लागू नये.

आणि माजी सैनिकांच्या घरच्यांना एक सांगणं. जुने कागद बघताना इंग्रजीतला चिटोरा कळत नाही म्हणून टाकून देऊ नका. दवाखान्यातून आलेलं पत्र, तार, कार्ड, एखाद्या सोबत्याचं खुशालीचं पत्र, सगळं जपा आणि जिल्ह्याच्या कार्यालयात आणून दाखवा. हे करावं लागू नये, पण आज तरी करावं लागतं.

मागायची लाज आबांना वाटत होती. ती त्यांच्या वाट्याला यायला नको होती. गोळीबार चालू असताना जे उभे होते, ज्यांच्या हातात रजिस्टर आणि वायरलेस होता, लिहायचं काम त्यांचं आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या सरकारचं होतं. पडलेल्या माणसाचं ते तेव्हा नव्हतं, आणि इतक्या वर्षांनी तो कार्यालयाच्या दारात अर्ज घेऊन उभा राहिला म्हणून ते त्याचं होत नाही.